कोपऱ्यातल्या पाच नळ्या

असल्फा, घाटकोपर (प.)
९ नोव्हेंबर २०२५

श्वेतास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला असं समज. पाच दिवस झाले, तू फोन उचलत नाहीस. तुझ्या अंधेरीच्या कंपनीत वॉचमन मला गेटच्या आत सोडत नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव.

काल माणिकशेठने तुझ्या रिपोर्टची झेरॉक्स गाळ्यात पाण्याच्या कूलरवर चिकटवली. गाळा त्याचा आहे, भिंत त्याची आहे, चिकटवू दे. मी पण सगळ्यांबरोबर उभा राहून वाचली. 'चाचणीत नग निकामी. प्राथमिक कारण: जोडाजवळ तडा, ब्रेझिंगमधील दोष. जबाबदार कारागीर: बाळा घाडीगावकर.' खाली सही, श्वेता नाईक, चाचणी विभाग. भाऊबीजेला मला ओवाळून गेलीस त्याला तेव्हा दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते.

ही विमानाच्या इंजिनाची जाळी काय चीज आहे ते तूच मला समजावलं होतंस, माझ्याच घरात पोहे खात. ते विमान एवढ्या वेगात जाणार की तोंडातून आत शिरणारी हवा दाबली जाऊन हजार अंशांना पोचते. तशीच इंजिनात गेली तर इंजिनाची वाट लागली. म्हणून मध्ये ही जाळी. नळ्यांच्या आतून थंड हेलियम वायू पळतो आणि बाहेरची हवा क्षणात गार होते. तू म्हणालीस, दादा, अशी जाळी जगात बोटावर मोजण्याइतक्या लोकांना जमते, तू करशील का? मी केली. अगरबत्तीच्या काडीहून बारीक अशा अठराशे चाळीस नळ्या, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे तीन हजार सहाशे ऐंशी जोड. प्रत्येक जोडाला ब्रेझिंगची पेस्ट मी माझ्या हाताने लावली आणि भट्टीत वितळवून नळ्या सांधल्या. श्रावणात सुरू केलं ते नवरात्रात संपलं. थंड चाचणीत एक जोड गळला नाही. यंत्र घेऊन तूच उभी होतीस ना?

आता शेठने मला टेबलावरून उठवलंय. मी खोके बांधतो. पंधरा डिसेंबरला तुझा अंतिम रिपोर्ट जाणार आणि त्यातही हेच असलं तर माझं विमानकामाचं कार्ड रद्द. पंचावन्नाव्या वर्षी कोण मला दुसरं कार्ड देणार? तीस वर्षं मी त्या कार्डावर काढली.

एकच विचारतो. तू 'जोडाजवळ' लिहिलंस. जवळ म्हणजे किती जवळ? जोडात की जोडाबाहेर? मिस्त्रीला फाशी द्यायची तर निदान जागा तरी नीट सांग.

बाळा


मुलुंड (पू.)
१४ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्र मिळालं. पत्रच बरं. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, आणि नंतर कोण काय बोललं ते दोघंही नाकारतो. कागदावर राहील.

३ तारखेला काय झालं ते ऐक. गरम हवा सोडल्यावर तेरा मिनिटं सगळं सुरळीत होतं. आमचे हर्षद सर काचेपलीकडून अंगठा दाखवत होते. चौदाव्या मिनिटाला हेलियमच्या दाबाचा काटा पडला आणि यंत्रणा आपोआप बंद झाली. दार उघडलं तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पाच नळ्या फाटलेल्या, आणि त्यांच्या आजूबाजूच्या कितीतरी वाकलेल्या. एवढ्या वर्षांचं काम, सगळ्या डिपार्टमेंटचं, भंगारात गेलं. नियमाप्रमाणे चोवीस तासांत प्राथमिक रिपोर्ट द्यावा लागतो. डोळ्यांना तडा जोडाजवळ दिसला, मी तसं लिहिलं. कारागिराचं नाव लिहायला रकाना असतो. त्या रकान्यात माझ्या भावाचं नाव येतं म्हणून तो मी मोकळा सोडायचा होता का? मग हर्षद सरांनी काय म्हटलं असतं, आणि शिपायापर्यंत सगळ्यांनी काय म्हटलं असतं? तुला काम मिळावं म्हणून मी शब्द टाकला होता हे तिथे प्रत्येकाला माहीत आहे.

आता मी विचारते. त्या दुपारी मी तुला फोन करून सांगितलं की जाळी गेली. तुझा पहिला प्रश्न काय होता, आठवतं? कशी गेली, असं तू विचारलं नाहीस. कोणाला लागलं का, असंही नाही. तू विचारलंस, 'कुठला कोपरा?'

मी तेव्हापासून त्याच्यावर विचार करते आहे. ज्याला काही माहीत नसतं तो आधी कोपरा विचारत नाही. तुला काय माहीत आहे, दादा? आणि ते मला का सांगत नाहीस?

श्वेता


असल्फा
१८ नोव्हेंबर २०२५

श्वेतास,

वा. आता माझी उलटतपासणी. कोपरा विचारला कारण मिस्त्री आहे मी. भट्टीत कोपरे आधी तापतात, उशिरा निवतात, काही झालं तर कोपऱ्यातच होतं. एवढं साधं तुला कॉलेजात शिकवलं नाही वाटतं. शिकवलं असेल, पण तुला आता भावात चोर दिसायला लागलाय, त्याला कोण काय करणार.

बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. दप्तर माळ्यावर टाकलं आणि कुर्ल्याला जोडकामाच्या गॅसबत्तीवर उभा राहिलो. ती बत्ती हातात होती म्हणून तुझी कॉलेजची फी गेली. मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवतो, कारण आज तू मला रकाने दाखवतेस.

तुला एक सांगतो, मोठा भाऊ म्हणून नाही, कारागीर म्हणून. ती जाळी काप. माझे जोड भिंगाखाली ठेव. एकही जोड फुटलेला सापडणार नाही. सापडला तर माझं कार्ड मी स्वतः तुझ्या टेबलावर आणून देतो. जोड शाबूत आहेत एवढं रिपोर्टात लिही आणि तिथेच थांब. कारण सापडलं नाही असं लिहायला सुद्धा कुठेतरी रकाना असेलच. त्याच्या पुढे खणत बसू नकोस. तुझं त्यात भलं नाही.

तुझी वहिनी शेवंती म्हणते, आता दिवाळीचा डबा परत पाठवायचा असेल तर पाठव, नाहीतर राहू दे.

बाळा


मुलुंड
२९ नोव्हेंबर २०२५

दादा,

आधी एक हिशेब चुकता करू. गिरणी बंद पडली तेव्हा मी पाळण्यात होते. तुझी शाळा मी सोडवली नाही. फी तू भरलीस हे खरं, आणि ते मी कधी विसरले नाही, पण दर भांडणात ती पावती काढणार असशील तर मला एकदाच काय ते सांग.

आता कामाचं. जाळी कापली. तुझे जोड शाबूत आहेत. अंतिम रिपोर्टात तसं येईल. तुझ्या हाताबद्दल मी चुकीचं लिहिलं, ते मागे घेते. हे लिहिताना मला बरं वाटलं असतं, पण पुढचं वाच.

तडा जोडापासून चार मिलिमीटर बाहेर, नळीच्या अंगात आहे. पाचही नळ्यांवर मिळून एक काळपट गोल डाग आहे, बोटाच्या टोकाएवढा. बाहेरच्या लॅबने त्या डागात शिसं आणि गंधक दाखवलंय. ही नळी निकेलच्या धातूची आहे. तिला उष्णता चालते, दाब चालतो, पण तापलेली असताना शिसं किंवा गंधक लागलं तर ती आतून ठिसूळ होते आणि ताण आला की फाटते. हे तुला माहीत आहे, कारण तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मी स्वतः यादी लावली होती: स्केच पेन नको, ग्रीस नको, साधं डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरचं, शिसं टेबलाच्या आसपास नको. सतरा गोष्टी. तू वाचून मान डोलावली होतीस.

तर शिसं आलं कुठून? माणिकशेठचा तो गाळा विमानाच्या कामाआधी गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. अजूनही ओळखीचे रिक्षावाले येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू माझ्या टेबलावर रेडिएटरला डाग दिलेस का? कोणा मित्राचं छोटंसं काम, पाच मिनिटांचं, आणि मग तोच हात जाळीला लागला? 'पुढे खणू नकोस' असं तू लिहिलंस ते याच्यासाठीच ना? माझं भलं पुढे करून तू स्वतःची कातडी वाचवत होतास. मला याची जास्त चीड आली.

अंतिम रिपोर्ट १५ ला आहे. खरं काय ते त्याआधी लिहून पाठव. नाहीतर मला जे दिसतं ते मी लिहीन.

श्वेता


असल्फा
२ डिसेंबर २०२५

श्वेतास,

लिही. बाळा घाडीगावकरने विमानाच्या टेबलावर रिक्षाच्या रेडिएटरला डाग दिला, तोच हात जाळीला लावला, असं लिही. सोबत कोरा कागद आहे, खाली माझी सही आणि तारीख आहे. वरती तुला पाहिजे ते टाईप करून घे.

आता सुटलीस. परत पत्र पाठवू नकोस.

बाळा


मुलुंड
७ डिसेंबर २०२५

दादा,

तुझा सही केलेला कागद समोर ठेवून मी गुरुवारपासून विचार करते आहे.

तू हट्टी आहेस, तोंडाळ आहेस, पण तुझ्या हातावर कोणी बोट ठेवलं तर तू त्याला उभा जाळशील. जोडात दोष आहे म्हटल्यावर तू आकाशपाताळ एक केलंस. आणि टेबलावर घाण काम केलंस म्हटल्यावर कोरी सही? हे दोन्ही एका माणसाचं होऊ शकत नाही. तू खोटं कबूल करतो आहेस. मग मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. वरचा डावा कोपरा. बोटाच्या टोकाएवढा डाग. शिसं आणि गंधक.

खंडेनवमी. १ ऑक्टोबर.

जाळी आदल्या दिवशी भट्टीतून निघाली होती आणि मी शिक्का मारायला आले होते. गाळ्यात भट्टीला, प्रेसला, सगळ्या हत्यारांना झेंडूच्या माळा. जाळी पांढऱ्या चादरीवर ठेवलेली. वहिनी ताट घेऊन उभ्या होत्या. तू म्हणालास, पहिल्या नगाला पहिलं कुंकू श्वेता लावेल. वहिनी म्हणाल्या, 'हिका कित्याक?', हिला कशाला. हळू म्हणाल्या, पण प्रेस बंद होती, सगळ्यांना ऐकू गेलं. तू वहिनींच्या हातातलं ताट काढून माझ्या हातात दिलंस.

सुबोध गेल्यापासून तीन वर्षांत मी कुंकवाच्या डबीला हात लावला नव्हता. कोणी मनाई केली नव्हती. फक्त हळदीकुंकवाचं ताट माझ्यापर्यंत आलं की वळून दुसरीकडे जायचं. त्या दिवशी सगळे बघत होते म्हणून मी बोट मुद्दाम दाबून टेकवलं. वरचा डावा कोपरा. दुसऱ्या दिवशी स्पिरिटने पुसून घेतलं. पण नळ्यांच्या मधल्या फटीत बोळा कुठे पोचतो? भुकटी आत राहिलीच.

शुक्रवारी मी गाळ्यात गेले होते. तू खोके द्यायला साकीनाक्याला गेला होतास. देव्हाऱ्यातली ती डबी मी उचलून आणली आणि लॅबला दिली. काल निकाल आला. हलक्यातलं कुंकू आहे, शिसंही आहे, गंधकही.

सतरा गोष्टींची यादी मी केली. त्यात अठरावी कुंकू असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण कुंकू ही घाण असू शकते असं आपल्यात कोणाच्या डोक्यात येतं? जाळी मी फोडली. माझ्या बोटाने.

आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून कोपरा विचारलास. तरी तू मला एकामागून एक खोटे आरोप करू दिलेस, मी तुला चोर ठरवलं ते ऐकून घेतलंस, आणि शेवटी स्वतःचा गळा कापून ताटात वाढलास. कशासाठी? मला वाचवायला? दया करायचा ठेका तुला कोणी दिला, दादा? मी बेचाळीस वर्षांची बाई आहे. माझी चूक माझी आहे. ती सुद्धा तू माझ्याकडून काढून घेणार?

श्वेता


असल्फा
१० डिसेंबर २०२५

श्वेतास,

हो, माहीत होतं. तू फोनवर 'वरचा डावा' म्हणालीस आणि मला तुझं कुंकवाचं बोट आठवलं.

तुला धातू कळतात, माणसं कळत नाहीत. म्हणून आता नीट ऐक, परत लिहिणार नाही.

जाळी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी गाळ्यात कुजबुज सुरू झाली. शिसं, गंधक कोणाच्या तोंडात नव्हतं. माणिकशेठ चहा पिताना सगळ्यांदेखत म्हणाला, 'मी त्या दिवशीच म्हणणार होतो, पण मिस्त्रीची बहीण पडली.' त्याला जे म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मी कप खाली ठेवला आणि बाहेर निघून गेलो, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं. घरी आलो तर शेवंती तेच. म्हणते, मी अडवत होते, तुम्ही ऐकलं नाही. आधी नवरा गेला, आता जाळी गेली, तिच्या हाताला यश नाही, तिचा काय दोष, पण आपण पुढे कशाला करायची. तिचा काय दोष, हे सुद्धा म्हणते. त्या रात्रीपासून मी तिच्याशी कामापुरतं बोलतो.

आता तू रिपोर्टात कुंकू लिही. शिसं कोणी वाचणार नाही. गाळ्यात वाचतील, मुलुंडला तुझ्या बिल्डिंगीत पोचेल, गावाला पोचेल. विधवेने कुंकू लावलं आणि विमान फुटलं, एवढंच राहील. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तुला कोपऱ्यात बसवतील आणि कारण म्हणून हे सांगतील. आणि ताट तुझ्या हातात मी दिलं होतं. तीन वर्षं बघत होतो, ताट तुझ्यासमोरून वळतं ते. वाटलं, माझ्या गाळ्यात, माझ्या कामावर तरी कोणी वळवणार नाही. जरा जास्तच शहाणपणा केला. मग भोगायचं मी, तू का?

रेडिएटर नको असेल तर असं लिही, कुंकू मिस्त्रीने लावलं. पुरुषाने लावलं तर कोणी काही बोलत नाही. दुसरा सही केलेला कागद जोडलाय. आणि तुझ्या खरेपणाची मला हौस नाही. एकदा तरी मोठ्या भावाचं ऐक.

बाळा


मुलुंड
१२ डिसेंबर २०२५

दादा,

तुझे दोन्ही कागद फाडले. तुकडे पाकिटात आहेत, मोजून घे.

तू म्हणतोस लोक असं बोलतील म्हणून गप्प राहू. गप्प राहिल्याने त्यांचं बोलणं खरं ठरतं, हे तुला कळत नाही? तू मनातल्या मनात तेच मानतोस. नसतं मानलंस तर माणिकशेठला तिथल्या तिथे सांगितलं असतंस की शेठ, कुंकू तुमच्या डबीतलं आहे. तू कप खाली ठेवलास आणि बाहेर गेलास. म्हणे मोठा भाऊ.

माझ्याकडे त्याच लॉटच्या तीन नळ्या उरल्या आहेत. सोमवारी १५ ला सकाळी साडेदहाला अंधेरीला छोट्या भट्टीत लावणार आहे, आत हेलियमचा तोच दाब, तेवढंच तापमान. एक नळी कोरी राहील. दुसरीला मी कुंकू लावीन. तिसरीला वहिनी लावतील, त्याच डबीतलं, त्यांच्या हाताने. माणिकशेठना कंपनीतून रीतसर बोलावणं गेलंय, ते येणार आहेत. हर्षद सर असतील. तुला आत घेता येणार नाही, चौकशी तुझ्यावर आहे.

वहिनींना पाठव. त्यांना सांग, मी भांडायला बोलावत नाहीये. त्या आल्या नाहीत तरी रिपोर्ट जाणारच आहे आणि त्यात माझं नाव असेल. मग त्यांना जे म्हणायचं आहे ते त्यांनी जन्मभर म्हणावं.

श्वेता


असल्फा
१३ डिसेंबर २०२५

श्वेतास,

हे पाकीट कुरियरने पाठवतोय, उद्या मिळेल.

शेवंतीला पत्र वाचून दाखवलं. आधी नाही म्हणाली. म्हणाली, माझ्या हाताने जाळी फुटली तर मी कुठे तोंड दाखवू. मी म्हटलं, तुझ्या हाताला यश आहे ना, मग घाबरतेस कशाला. दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी विचारते, साडी कुठली नेसू.

येईल. शेठला सांगितलंय, तो तिला त्याच्या गाडीतून आणेल. तू माझ्याबद्दल कपावरून जे लिहिलंस ते मी विसरणार नाही. खरं असलं तरी.

बाळा


मुलुंड
१६ डिसेंबर २०२५

दादा,

वहिनींनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून मी लिहिते. तू गेटबाहेर टपरीवर तीन तास उभा होतास हे वॉचमनने सांगितलं.

वहिनी हिरवी साडी नेसून आल्या होत्या. लॅबमध्ये वर टोपी आणि पांढरा कोट घालावा लागतो, तो त्यांनी न बोलता घातला. मी माझ्या नळीला कुंकू लावलं. मग डबी त्यांच्यापुढे केली. त्यांनी बोट बुडवलं आणि नळीपाशी नेऊन थांबवलं. म्हणाल्या, दाबून लावू की नुसतं टेकवू? मी म्हटलं, तुम्ही नेहमी लावता तसं लावा. त्यांनी डोळे मिटून लावलं. मग मी दोन्ही नळ्या स्पिरिटने पुसल्या, २ ऑक्टोबरला जाळी पुसली होती तशाच. तिन्ही नळ्या भट्टीत गेल्या. काचेतून तीन काटे दिसतात, प्रत्येक नळीचा एक. मी त्यांना कुठला कोणाचा ते सांगितलं.

अठराव्या मिनिटाला वहिनींचा काटा पडला. माझा बाविसाव्या मिनिटाला. कोरी नळी दीड तासाने आम्हीच बंद केली, तिला काही झालं नाही.

माणिकशेठ अठराव्या मिनिटाला काहीतरी बोलायला गेले आणि खोकले. हर्षद सरांनी त्यांना पाणी दिलं. नंतर ते तुझं नाव घेऊन म्हणाले, मिस्त्रीला उद्यापासून टेबलावर बसू दे. मी म्हटलं, ती झेरॉक्स तुम्ही स्वतः काढा, तुमच्याच हाताने.

रिपोर्ट संध्याकाळी गेला. त्यात असं आहे: 'कारण: पूजेतील कुंकवात असलेले शिसे व गंधक. कुंकू कोणाच्या हाताने लागले याचा परिणामाशी संबंध नाही, हे चाचणीने सिद्ध. प्रत्यक्ष लावणारी व्यक्ती: श्वेता नाईक, तपासनीस. ब्रेझिंग निर्दोष.' तुझं कार्ड वाचलं. मला चाचणी विभागातून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलंय, निदान वर्षभर. नियम मी केला होता, मीच मोडला, तक्रार नाही. तुझ्याकडून त्याबद्दल सहानुभूतीचं पत्र नको.

माझा राग गेलेला नाही. महिनाभर तू मला अंधारात ठेवलंस, आणि ते प्रेमाने केलंस म्हणून कमी ठरत नाही. मीही तुला चोर म्हटलं, त्याची माफी मागते. ती मागताना सुद्धा मला राग येतोय. जानेवारीपर्यंत तरी मुलुंडला येऊ नकोस.

एक राहिलं. शेठ पुढे गेल्यावर वहिनी लिफ्टपाशी थांबल्या. कोट अजून अंगात होता. स्वतःच्या बोटाकडे बघत होत्या, पुसूनही जरासं लाल राहिलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'श्वेता, मग सुबोध भावजींचा ता जाणा...' आणि ते बोट कोटाला पुसायला लागल्या.

मी म्हटलं, 'त्यांना कावीळ झाली होती, वहिनी.'

तेव्हा त्या रडल्या. मी त्यांचा कोट काढून घेतला. हे एवढं एक वाक्य या घरात कोणाला तरी सांगायला मला तीन वर्षं लागली, आणि त्यासाठी एक विमानाची जाळी फोडावी लागली.

श्वेता